कीटक नसलेली कीड

वांग्याच्या किंवा भेंडीच्या पानावर कडक उन्हाळ्यात बारीक पांढुरके ठिपके दिसू लागतात. आठ-दहा दिवसांत ठिपके वाढत जातात, पान फिकट होते, मग तांबूस होऊन करपते. शेतकरी पान घेऊन दुकानात जातो. दुकानदार कधी बुरशीनाशक देतो, कधी खत, बहुतेक वेळा कीटकनाशक. फवारणी होते आणि पंधरा दिवसांनी पानांची अवस्था आणखी वाईट होते. पान उलटे करून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले असते, तर विरळ जाळ्यात फिरणारे अर्ध्या मिलिमीटरचे आठ पायांचे जीव दिसले असते. यांनाच आपण लाल कोळी म्हणतो.

मराठीत ‘कीड’ या शब्दात सगळेच सामावते. पण कीटक आणि कोळी हे संधिपाद प्राण्यांचे दोन वेगळे वर्ग आहेत. कीटकाला सहा पाय, एक स्पर्शिकांची जोडी आणि बहुधा पंख असतात. कोळ्याला प्रौढ अवस्थेत आठ पाय, स्पर्शिका नाहीत आणि पंखही नाहीत. विंचू, जाळे विणणारा कोळी आणि गोचीड ही या जिवांची भावंडे. हा फरक केवळ परीक्षेतील दोन गुणांचा नाही. तो न ओळखल्यामुळे विसाव्या शतकात जगभरच्या शेतीला मोठी किंमत मोजावी लागली. त्याचीच ही हकिगत आहे.

बुरशी की प्राणी?

वनस्पतींवर राहणाऱ्या कोळ्यांमध्ये सर्वांत लहान गट इरिओफाइड कोळ्यांचा. यांची लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर, शरीर गाजरासारखे निमुळते आणि पाय फक्त चार. नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत, दिसतो तो त्यांचा परिणाम. मोगऱ्याच्या पानांवर आणि कळ्यांवर कधी पांढरट लव उगवलेली दिसते, लिचीच्या पानाखाली तपकिरी मखमल दिसते. ती लव वनस्पतीच्याच पेशींची असते, कोळ्यांच्या चाव्यामुळे वाढलेली.

अठराव्या शतकातील अभ्यासकांना हे ठाऊक नव्हते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३७ साली लिंडेन झाडाच्या पानांवरील गाठींत सूक्ष्म जीव पाहिले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे पानांवरील अशा लवेला बुरशी समजले जात होते. बुरशींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या पेर्सून यांनी तिला ‘एरिनियम’ असे बुरशीच्या प्रजातीचे नावही दिले. लवेत प्राणी आहेत हे मान्य झाल्यावरही चार पाय पाहून लोक त्यांना दुसऱ्या एखाद्या कोळ्याची पिल्ले समजत. ते पूर्ण वाढलेले, स्वतंत्र जीव आहेत हे १८५१ मध्ये द्युजार्दँ यांनी सांगितले. नंतर ऑस्ट्रियाच्या नालेपा यांनी शेकडो जातींची वर्णने केली आणि विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या कायफर यांनी ते काम पुढे नेले. कायफर यांचे नाव लक्षात ठेवावे, कारण नारळाच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

एक जीव, अनेक नावे

लाल कोळ्याच्या बाबतीत अडचण उलटी होती. तो दिसत होता, पण इतक्या रूपांत दिसत होता की प्रत्येकाने त्याला नवे नाव दिले. लिनिअस यांनी १७५८ मध्ये जाळे विणणाऱ्या कोळ्याची नोंद केली. १८३२ मध्ये द्युफूर यांनी ‘टेट्रानिकस’ ही प्रजाती केली आणि १८३६ मध्ये कोख यांनी ‘टेट्रानिकस अर्टिसी’ हे नाव दिले. ही जाती हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर जगते. ती थंड प्रदेशात हिरवट, दोन काळ्या ठिपक्यांची, तर उष्ण प्रदेशात गडद लाल दिसते. गुलाबावर एक नाव, कापसावर दुसरे, घेवड्यावर तिसरे, असे होत राहिले. लाल रूप ही वेगळी जाती मानावी की नाही हा वाद तर शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर दोन्ही एकच असल्याचे मत बळकट झाले.

मग हे जीव ओळखायचे कसे? रंगावर विसंबता येत नाही. कोळी अम्लात ठेवून पारदर्शक करावा लागतो, काचपट्टीवर नेमक्या स्थितीत बसवावा लागतो आणि उच्च क्षमतेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे केस मोजावे लागतात. टेट्रानिकस गटात जाती ठरवायची तर नराचे जननांग बाजूने पाहावे लागते. मादी जवळजवळ सारख्याच दिसतात. काचपट्टीवर नर कुशीवर झोपला नाही, तर दिवसभराची मेहनत वाया जाते.

ज्या पिकावर जीव प्रथम सापडला, त्यावरून नाव ठेवल्यानेही गोंधळ होतो. आसामातील चहाच्या मळ्यांना छळणाऱ्या लाल कोळ्याचे नाव ‘ओलिगोनिकस कॉफी’ आहे, कारण निटनर यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन सिलोनमधील कॉफीवरून केले होते.

युद्धानंतरचे नवे शस्त्र

दुसऱ्या महायुद्धापूर्वी युरोप-अमेरिकेच्या सफरचंदाच्या बागांत लाल कोळी होतेच, पण ते दुय्यम होते. अधूनमधून गंधक मारले की भागत असे.

१९३९ साली स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीत पॉल म्यूलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मलेरियाचे डास, टायफसच्या उवा यांविरुद्ध डीडीटीने केलेले काम खरोखर मोठे होते. युद्ध संपल्यावर ते बागांत आले. सफरचंद पोखरणारी अळी मेली, बागायतदार खूश झाले. पण एक-दोन हंगामांतच पाने तांबूस होऊन गळू लागली. ज्या बागेत फवारणी जास्त, तिथे कोळी जास्त.

कारण साधे होते. डीडीटी कीटकांना मारते, कोळ्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मात्र कोळी खाऊन जगणारे टाचणीच्या डोक्याएवढे काळे ढालकिडे, काही ढेकूणवर्गीय कीटक आणि इतर परभक्षी मरत होते. लाल कोळी मुळात थोडे का होते, तर त्यांना खाणारे जीव होते म्हणून. औषधाने पहारेकरी मारले आणि चोराला मोकळे रान दिले. शिवाय डीडीटीचा अंश असलेल्या पानांवर माद्या जास्त अंडी घालतात, असेही काही प्रयोगांत दिसले.

जंगलातही हेच घडले. १९५६ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने पश्चिमेकडील सुमारे ८,८५,००० एकर जंगलावर, कळ्या खाणाऱ्या अळीसाठी, डीडीटी फवारले. पुढच्या उन्हाळ्यात मैलोन्मैल झाडे तपकिरी झाली होती, ती लाल कोळ्यांमुळे. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ही घटना सांगितली आहे.

कॅनडातील नोवा स्कोशियात ए. डी. पिकेट हे शास्त्रज्ञ १९४० च्या दशकातच वेगळा विचार करत होते. बागेतील प्रत्येक औषध शत्रूला काय करते हे सगळे पाहतात, ते मित्राला काय करते हेही पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. गंधकासारखे जुने, निरुपद्रवी समजले जाणारे औषधसुद्धा उपयोगी परभक्षींना मारते, हे त्यांच्या गटाने दाखवले. म्हणजे दोष एकट्या डीडीटीचा नव्हता. कोण कोणाला खातो हे न पाहता फवारण्याची सवय हा खरा दोष होता.

औषध बदलले, कोळीही बदलले

डीडीटी चालत नाही म्हटल्यावर पॅराथिऑनसारखी जहाल फॉस्फरसयुक्त औषधे आली. त्यांनी कोळी मरत. पण १९५० च्या आसपासच अमेरिकेतील गुलाबाच्या हरितगृहांतून तक्रारी येऊ लागल्या, की औषध लागू पडत नाही. मग खास कोळीनाशके आली. त्यांतले डायकोफॉल हे रसायन डीडीटीपासूनच बनवले जाई. भारतात कापूस आणि चहावर ते अनेक वर्षे वापरले गेले. ते पर्यावरणात टिकून राहते म्हणून २०१९ मध्ये स्टॉकहोम करारातील बंदीच्या यादीत गेले आणि २०२३ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली.

कोळी इतक्या लवकर औषधाला का जुमानेनासे होतात? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी हा आनुवंशिकीचा सुंदर प्रश्न आहे. पहिले कारण वेग. तीस अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ होण्यास आठ-दहा दिवस पुरतात आणि मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. समजा त्यांतून ६० माद्या जगल्या, तर दुसऱ्या पिढीत ३,६०० आणि तिसऱ्या पिढीत २,१६,००० माद्या होतील. एवढे सारे एका महिन्यात!

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. या कोळ्यांत फलन झालेल्या अंड्यातून मादी, तर फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. म्हणजे नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. आता समजा औषध पचवणारे एक अप्रभावी जनुक हजारात एक या प्रमाणात आहे. माद्यांमध्ये ते दोन्ही बाजूंनी यावे लागते, म्हणून त्याचा गुण दहा लाखांत एकीत दिसेल. नरात झाकायला दुसरे जनुकच नाही, त्यामुळे तो हजारात एकात दिसेल. फवारणीत हेच नर वाचतात, चुकून वाचलेल्या माद्यांशी त्यांचा संकर होतो आणि ते जनुक झपाट्याने पसरते.

२०११ मध्ये टेट्रानिकस अर्टिसीचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. तो तोपर्यंत वाचलेल्या संधिपादांत सर्वांत लहान, सुमारे नऊ कोटी अक्षरांचा निघाला. पण विषारी पदार्थ निकामी करणाऱ्या जनुकांची त्यात रेलचेल होती. वनस्पती आपल्या बचावासाठी विषे बनवतात. हजार प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्या जिवाला हजार विषांची सवय असते. आपली औषधे त्यात आणखी थोडी भर घालतात, इतकेच. कोळ्यांच्या रंगाला कारण असलेली काही जनुके तर पूर्वी कधीतरी बुरशीकडून आलेली आहेत, हेही याच अभ्यासात स्पष्ट झाले.

ऑर्किडबरोबर आलेला पाहुणा

१९५८ च्या सुमारास जर्मनीत डोसे या शास्त्रज्ञांना चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर एक परभक्षी कोळी सापडला. नासपतीच्या आकाराचा, नारिंगी, चकचकीत आणि चपळ. लाल कोळ्यांच्या वसाहतीत शिरला की तो अंडी, पिल्ले, प्रौढ, सगळे फस्त करी. डोसे यांनी त्याला नवे नाव दिले, पण हाच जीव अल्जीरियातून आतियास-आन्रियो या संशोधिकेने १९५७ मध्येच वर्णन केला असल्याचे पुढे ठरले. म्हणून त्याचे मान्य नाव ‘फायटोसियुलस पर्सिमिलिस’.

हा कोळी आंधळा आहे. तरीही तो शिकारीपर्यंत पोचतो. कसा, याचा उलगडा १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधनातून झाला. लाल कोळ्यांनी कुरतडलेले डबलबीचे झाड विशिष्ट वासाचे पदार्थ हवेत सोडते आणि तो वास परभक्षी कोळ्याला बोलावतो. जखमी झाड आपल्या शत्रूच्या शत्रूला हाक मारते, असे म्हटले तरी चालेल.

डोसे यांच्या कोळ्यांचे वंशज एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत, एका देशातून दुसऱ्या देशात पाठवले गेले. नेदरलँड्समध्ये यान कॉपर्ट नावाचे काकडी पिकवणारे शेतकरी होते. त्यांना रासायनिक औषधांचा त्रास होत असे. १९६७ मध्ये त्यांनी हे परभक्षी कोळी वाढवून वापरण्यास आणि नंतर इतरांना विकण्यास सुरुवात केली. त्यातून जैविक नियंत्रणाचा एक मोठा उद्योग उभा राहिला.

पण शिकारी सोडला की काम झाले, असे नाही. कॅलिफोर्नियातील हफेकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांनी जरूर सांगावा. त्यांनी ट्रेमध्ये संत्री मांडली, त्यांवर संत्र्याचे कोळी सोडले आणि मग परभक्षी कोळी सोडले. साध्या मांडणीत शिकाऱ्यांनी सर्व भक्ष्य संपवले आणि स्वतःही उपाशी मेले. मग त्यांनी २५२ संत्र्यांची मांडणी केली, मध्ये व्हॅसलिनचे अडथळे घातले आणि लाकडी काड्या उभ्या केल्या. काडीच्या टोकावरून भक्ष्य कोळी रेशमी धाग्यावर तरंगत दूर जाऊ शकत. शिकाऱ्यांना मात्र चालतच जावे लागे. आता भक्ष्य आणि शिकारी यांच्या संख्येचे एकामागून एक तीन चढउतार झाले. लपायला आणि पळायला जागा असेल तर दोघेही टिकतात. म्हणजे बागेत थोडे कोळी शिल्लक असणे हे अपयश नाही, ती शिकाऱ्यांची शिदोरी आहे.

साबुदाण्याचे झाड

ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण आफ्रिकेत तो कोट्यवधी गरिबांचे रोजचे अन्न आहे. १९७१ मध्ये युगांडात कसाव्यावर एक हिरवा कोळी आढळला. तोही दक्षिण अमेरिकेचाच. काही वर्षांत तो खंडभर पसरला. छोट्या शेतकऱ्यांना फवारणी परवडणारी नव्हती. १९८० च्या दशकात कोलंबियातून परभक्षी कोळी आणून सोडले गेले, पण एकही जाती टिकली नाही. मग शास्त्रज्ञांनी आफ्रिकेसारखेच कोरडे हवामान असलेल्या ईशान्य ब्राझीलमध्ये शोध घेतला. तिथल्या ‘टिफ्लोड्रोमेलस अरिपो’ या जातीला १९९३ मध्ये बेनिनमध्ये सोडण्यात आले. ही जाती दिवसा कसाव्याच्या शेंड्यात लपते, रात्री पानांवर उतरून शिकार करते आणि कोळी कमी असताना परागकणांवरही गुजराण करते. ती रुजली आणि वीसहून अधिक देशांत पसरली. पहिल्या प्रयत्नातील जीव परभक्षी होते, नुसते तेवढे पुरेसे नव्हते. त्या झाडावर, त्या हवेत राहणारी नेमकी जाती हवी होती.

नारळाच्या टोपीखाली

१९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात कोवळ्या नारळांवर, देठाजवळच्या टोपीखालून निघालेले पांढरट त्रिकोणी चट्टे दिसले. चट्टे तपकिरी होत, साल भेगाळे, डिंक गळे, फळ लहान राही आणि सोलताना हात दुखत. ही ‘असेरिया गुरेरोनिस’ या इरिओफाइड कोळ्याची करणी होती. कायफर यांनी १९६५ मध्ये मेक्सिकोच्या गुरेरो राज्यातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केलेले होते, म्हणून निदान झटपट झाले. वाऱ्याबरोबर तो काही वर्षांत दक्षिण भारतभर, गोवा-कोकणातही पोचला.

हा कोळी टोपीखाली राहतो. तिथे फवारा पोचत नाही. उंच माडावर चढून वारंवार फवारणी करणेही कठीण. मुळांतून जहाल औषध पाजण्याचे उपाय झाले, पण ज्याचे पाणी आणि खोबरे आपण खातो त्या झाडात विष घालण्याला मर्यादा आहेत. पुढे कडुनिंबाचे तेल, लसूण आणि साबण यांचे मिश्रण कोवळ्या घडांवर मारण्याची शिफारस झाली. कोळ्यांना रोग करणारी ‘हिरसुटेला’ बुरशीही वापरून पाहिली गेली. टोपीखाली शिरू शकेल इतका चपटा, लांबट परभक्षी कोळीही दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आढळला आहे. तरीही संपूर्ण उपाय हाती आलेला नाही. पोयीपासून काढणीपर्यंत वाडीची निगा, पालापाचोळ्याचे खत आणि पुरेसे पाणी यांनी नुकसान कमी राहते, एवढे सांगता येते.

शाळेत काय करता येईल?

चाकण-तळेगावच्या पॉलिहाउसमधील गुलाब असो की शाळेच्या बागेतील वांगे, पहिली पायरी सारखीच. पानांखाली पांढरा कागद धरून फांदी तीन-चार वेळा झटकावी. कागदावर पडलेल्या ठिपक्यांकडे अर्धा मिनिट स्थिर पाहावे. हळू सरकणारे ठिपके बहुधा लाल कोळी. वेगाने धावणारे चकचकीत ठिपके बहुधा त्यांचे शिकारी. भिंगातून पाय मोजावेत. सहा पाय दिसले तर घाई करू नये, कारण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोळ्यालाही सहाच पाय असतात. स्पर्शिका आहेत का ते पाहावे, तेच खरे उत्तर देईल. दर आठवड्याला दहा पाने मोजून दोन्ही ठिपक्यांच्या संख्येचा आलेख काढला, तर हफेकर यांच्या ट्रेमधील चढउतार आपल्या बागेतही सापडण्याची शक्यता आहे.

आपल्याकडे परक्या शिकाऱ्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. पर्सिमिलिसला तीस अंशांवरची कोरडी हवा मानवत नाही, त्याची अंडी सुकतात. पण ‘निओसियुलस लाँगिस्पायनोसस’ हा आपल्याच हवेतला परभक्षी कोळी भारतात अनेक पिकांवर आढळतो आणि त्याच्या वापरावर संशोधन झालेले आहे. तो तुमच्या परसातही असेल. दुकानातून बाटली आणण्याआधी तो आहे का, किती आहे, हे पाहिले पाहिजे. आणि ते पाहायला लागतो एक पांढरा कागद व एक भिंग.